उद्यमनगरातून कुलगुरूंच्या दालनात

कुलगुरूपदासाठीचा माझा दुसरा अर्ज राजारामपुरीतल्या एका झेरॉक्सच्या दुकानात बांधला गेला. अर्जाचा मूळ नमुना जेमतेम काही पानांचा होता, पण त्यातल्या प्रत्येक ओळीला पुरावा जोडायचा असल्याने एकेका संचाची जाडी वीतभर झाली आणि स्पायरलची कोणतीही कडी तेवढे कागद धरेना. शेवटी दुकानदाराने प्रत्येक संचाचे दोन भाग केले, पुठ्ठ्यांवर 'भाग १' आणि 'भाग २' अशा चिठ्ठ्या डकवल्या आणि पैसे घेता घेता विचारले, "सर, एवढं सगळं कोण वाचतंय व्हय?" मी नुसता हसलो. वाचतात, हे मला तोवर चांगले ठाऊक झाले होते. माझा पहिला अर्ज कुणीतरी नीट वाचला म्हणूनच बाद झाला होता.

ती हकिकत अशी. कुलगुरूपदाच्या पात्रतेत प्राध्यापक या पदावरचा किमान दहा वर्षांचा अनुभव मागितला जातो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या ज्या विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयात मी नोकरी करीत होतो, तिथे मला प्राध्यापकपद २००३ मध्ये मिळाले. पण रीतसर निवड समिती बसून विद्यापीठाची मान्यता हातात पडायला २००५ उजाडले. २०१४ मध्ये एका राज्य विद्यापीठाची जाहिरात निघाली तेव्हा मी माझी अकरा वर्षे मोजली आणि छाननी करणाऱ्याने नऊ. मुलाखतीचे पत्र आलेच नाही. मान्यतेचे पत्र ही खासगी महाविद्यालयांतल्या शिक्षकांची दुखरी नस आहे. संस्था नेमणूक देते, पगार देते, दारावर पदनामाची पाटीही लावते, पण विद्यापीठाच्या दप्तरी तो माणूस त्या पदावर नसतोच, आणि हे त्याला कैक वर्षांनी, नेमके नको त्या वेळी कळते. मी स्वतः प्राचार्य असताना तरुण सहकाऱ्यांना सर्वांत आधी हेच विचारीत असे, की मान्यता आली का. याचे कारण तो बाद झालेला अर्ज होता.

मी मुळात फाउंड्रीतला, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातला माणूस. सांगलीच्या वालचंद महाविद्यालयातून १९८० मध्ये यांत्रिकी अभियांत्रिकीची पदवी घेऊन कोल्हापुरात परतलो आणि शिवाजी उद्यमनगरातल्या एका लहान फाउंड्रीत लागलो. आता शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींमधून देशभरच्या वाहन कंपन्यांना कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतून घडवलेले भाग, जातात. त्या काळी मात्र उद्यमनगरातल्या गल्ल्यांमध्ये ऑइल इंजिनाचे भाग ओतणे हाच मोठा धंदा होता. मला लागून चार-पाच महिने झाले असतील, तोच एका आठवड्यात सिलिंडर हेडच्या कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे आतल्या पोकळ्या, येऊ लागले आणि मशीनिंगला गेलेले निम्मे नग परत आले. मी तीन दिवस वही घेऊन भट्टीपाशी उभा होतो. ओतकामाच्या वेळचे तापमान, लोखंडातले कार्बन आणि सिलिकॉन, रायझरचा (साच्याला जादा रस पुरवणाऱ्या पोकळीचा) आकार, सगळे लिहून काढले आणि अखेरीस वाळूच बदलायला हवी असा निष्कर्ष मालकांना सांगितला.

तिथे वाळूचे साचे करणारे एक वयस्क मोल्डर होते. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. त्यांनी मिक्सरमधली मूठभर वाळू उचलली, आवळली, मूठ उघडून तो गोळा मधोमध मोडला आणि आपला तळहात माझ्यापुढे धरला. तळहाताच्या रेषांमध्ये पाणी दिसत होते. ग्रीन सँडमध्ये, म्हणजे साच्याच्या ओलसर वाळूत, पाण्याचे प्रमाण साधारण तीन ते चार टक्के असावे लागते. त्याहून वाढले की रस पडताच त्याची वाफ होते, ती साच्यातून बाहेर पडू शकली नाही तर धातूत शिरते आणि आत पोकळी राहते. हे मी पुस्तकात वाचले होते, परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. मिस्त्री म्हणाले, "वाळूला कशाला शिव्या देताय साहेब? पाणी कुणी जास्त घातलं ते बघा की." मग उलगडा झाला. मिक्सरवरचा जुना गडी गावाकडे गेला होता. तो तेलाच्या रिकाम्या डब्याने मोजून पाणी घालीत असे; त्याच्या जागी आलेल्या पोराला तो डबा कुणी दाखवलाच नव्हता, म्हणून तो बिचारा बादलीने घालीत होता. त्या पोराला कुणी रागावले नाही. डबा दाखवला, आणि दुसऱ्या दिवशीपासून कास्टिंग चांगली निघू लागली.

पुढचा प्रवास अनेकांच्या प्रवासासारखाच झाला, म्हणून थोडक्यात सांगतो. १९८३ मध्ये राज्य सरकारने खासगी संस्थांना विनाअनुदानित तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालये काढायला परवानगी दिली, शिक्षकांची एकदम गरज निर्माण झाली आणि मी अधिव्याख्याता झालो. नव्वदच्या दशकात शिक्षकांसाठीच्या गुणवत्ता सुधार योजनेतून पवईच्या आयआयटीत पीएच.डी. केली, विषय होता ओतीव धातू साच्यात गोठताना आत नेमके काय घडते हा. ती चार वर्षे मी महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये इतक्या रात्री काढल्या, की माझ्या धाकट्या मुलाला आपले वडील रेल्वेत नोकरी करतात असे वाटत असे. नंतर विभागप्रमुख झालो आणि त्यानंतर प्राचार्य.

२०१७ मध्ये जाहिरात आली ती नव्या कायद्याखाली. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा १ मार्च २०१७ पासून अमलात आला आणि त्यात कुलगुरूंच्या निवडीची पद्धत तपशिलाने घातलेली आहे. तेव्हा शोध समिती तीन जणांची असे. कुलपतींनी, म्हणजे राज्यपालांनी, नेमलेले अध्यक्ष. शासनाच्या वतीने प्रधान सचिव दर्जाचे अधिकारी. आणि विद्यापीठाच्या व्यवस्थापन परिषदेने व विद्या परिषदेने मिळून सुचवलेले, राष्ट्रीय ख्यातीच्या एखाद्या संस्थेचे संचालक किंवा प्रमुख. ही समिती किमान पाच नावे कुलपतींकडे पाठवी आणि त्यांतून कुलपती एकाची नेमणूक करीत. मुदत पाच वर्षे किंवा वयाची पासष्टी, यांतले जे आधी येईल ते, फेरनेमणूक नाही. मला तेव्हा अठ्ठावन्नावे वर्ष चालू होते, त्यामुळे हिशेब जमत होता.

पुरावे कशाकशाचे जोडायचे? पीएच.डी. नंतरचे आंतरराष्ट्रीय नियतकालिकांतले शोधनिबंध, पूर्ण केलेला मोठा संशोधन प्रकल्प, मार्गदर्शन केलेले विद्यार्थी, प्रशासनाचा अनुभव, परदेशातली परिषद किंवा अभ्यासभेट. ती यादी पुरी करताना माझ्या मनात एक खटक होती, पण तेव्हा मी ती नीट शब्दांत मांडू शकलो नाही. आज मांडतो. त्या भल्यामोठ्या गठ्ठ्यात मी एकट्याने काय केले याचे सगळे कागद होते. दुसऱ्यांच्या हातून होणारे काम कुठे अडते आणि ते मला सोडवता येते का, याचा एकही कागद नव्हता, कारण तसा कागद कुणी मागितलाच नव्हता. अर्जासोबत विद्यापीठाविषयीचे आपले स्वप्न मांडणारे टिपण द्यायचे असते. माझ्या टिपणातले पहिले वाक्य होते, 'विद्यापीठाला आंतरराष्ट्रीय दर्जा प्राप्त करून देणे हे माझे ध्येय राहील.' ते वाक्य लिहायला मला दोन मिनिटेही लागली नव्हती.

शोध समितीची मुलाखत मुंबईत झाली. बाहेरच्या खोलीत बसलेल्यांपैकी निम्म्यांना मी ओळखत होतो आणि आम्ही सगळेच, जणू कुणाच्या लग्नाला आलो आहोत अशा सुरात, एकमेकांच्या मुलाबाळांची चौकशी करीत होतो. आत मला सादरीकरणासाठी मोजकी मिनिटे मिळाली. त्यानंतर एका सदस्यांनी शांतपणे विचारले, "परीक्षा संपल्यावर निकाल किती दिवसांत लागला पाहिजे?" कायदा मी वाचून गेलो होतो. तीस दिवसांत, आणि कोणत्याही परिस्थितीत पंचेचाळीस दिवसांच्या आत, असे मी सांगितले. "आणि या विद्यापीठात प्रत्यक्षात किती दिवस लागतात?" मी काही पाहिले नव्हते. आंतरराष्ट्रीय दर्जाविषयी चौदा स्लाइड घेऊन गेलेला मी त्या साध्या प्रश्नापुढे गप्प झालो. मला माहीत नाही, असे कबूल केले आणि म्हणालो, की ते कुठे अडतात हे शोधायला मी पहिला महिना देईन. बाहेर पडताना हे काम आपल्या हातून गेले अशी माझी खात्री झाली होती. परतीच्या गाडीत मला झोप लागली नाही आणि कोण जाणे का, सारखा तो तेलाचा डबा आठवत राहिला.

पण पाच जणांत नाव आले. मलबार हिलवरच्या राजभवनातली भेट काही मिनिटांचीच होती आणि तिचा तपशील लिहिणे औचित्याला धरून होणार नाही. नेमणुकीचा फोन आला तेव्हा मी लक्ष्मीपुरीतल्या बाजारात पालेभाजी घेत होतो. घरी येऊन सौ.ला सांगितले तर तिने आधी मेथी कुठे आहे ते विचारले, आणि मेथी मी बाजारातच विसरून आलो होतो. त्या संध्याकाळी अभिनंदनाचे फोन सुरू झाले आणि इंदूरच्या एका नातेवाइकांनी 'कुलपति बनने पर बधाई' असा संदेश पाठवला. हिंदीत कुलगुरूंना कुलपति म्हणतात आणि आपल्याकडे कुलपती म्हणजे राज्यपाल. तो संदेश सौ.ने सगळ्या नातेवाइकांना पुढे पाठवल्यामुळे मी राज्यपाल झाल्याची वार्ता कागल तालुक्यातल्या आमच्या मूळ गावापर्यंत पोहोचली होती.

विद्यापीठ कोल्हापूरपासून बरेच लांब होते, म्हणून कुटुंब राजारामपुरीतच राहिले आणि मी एकटाच रुजू झालो. पहिला धक्का बसला तो टिपणीचा. शैक्षणिक प्रशासनातली प्रत्येक गोष्ट नस्तीत, म्हणजे फायलीत, फिरते आणि नस्तीच्या डाव्या अंगाला एकाखाली एक टिपण्या असतात. लिपिक 'सादर' लिहितो, अधीक्षक 'मान्यतेस्तव सादर' लिहितात, उपकुलसचिव 'प्रस्तावाप्रमाणे' लिहितात आणि कुलसचिव सही करतात. सगळ्यांत खाली माझ्यासाठी जागा सोडलेली असे. मी पहिल्या दोन आठवड्यांत प्रत्येक नस्ती शोधनिबंध तपासावा तशी तपासली, समासात प्रश्न लिहिले आणि परत पाठवल्या. तिसऱ्या आठवड्यात माझ्या टेबलावर एकही नस्ती येईना. मला वाटले, काम आटोक्यात आले. कुलसचिवांनी अदबीने समजावले, "सर, आपला प्रश्न आला की खालचे लोक नस्ती हलवायला भितात. ते उत्तर शोधत नाहीत, आपण विसरून जाल याची वाट बघतात." त्यानंतर मी समासात लिहिणे बंद केले आणि प्रश्न पडला की त्या टेबलापाशी स्वतः जाऊ लागलो. सुरुवातीला लोक उभे राहत, घाबरत. पुढे सवय झाली.

मुलाखतीत शब्द दिला होता, म्हणून पहिला महिना परीक्षा विभागाला द्यायचा होता. लागले मात्र अडीच महिने. ते वर्षही तसे होते. मुंबई विद्यापीठाने त्याच उन्हाळ्यात उत्तरपत्रिकांची पडद्यावरून तपासणी सुरू केली आणि तिथले निकाल इतके रखडले, की राज्यभर दुसरी चर्चा नव्हती. त्यामुळे आमच्याकडेही प्रत्येकाला कारण तयार मिळाले होते: प्राध्यापक पेपर तपासायला येत नाहीत. अधिसभेत हेच बोलले जाई, वर्तमानपत्रांतही हेच येई, आणि मीही ते खरे धरून चाललो होतो.

निकालाच्या वाटेवरचा प्रत्येक टप्पा किती दिवस घेतो हे मी भिंतीवरच्या एका मोठ्या कागदावर मांडले. उत्तरपत्रिका केंद्रावरून येणे, त्यांवरचा आसन क्रमांक झाकणे, कॅप केंद्रात, म्हणजे मध्यवर्ती मूल्यांकन केंद्रात, तपासणी, नियामकांची फेरतपासणी, गुणांची नोंद, अंतर्गत गुण जोडणे, छाननी, जाहीर करणे. कागद भरत गेला तसे दिसू लागले, की तपासणीला लागणारे दिवस फुगवून सांगावेत इतके काही नव्हते. खोळंबा पुढे होता, आणि तो नेमका कुठे हे संगणकावरच्या तक्त्यात कळत नव्हते.

ते कळले एका वरिष्ठ लिपिक बाईंच्या टेबलावर. संध्याकाळचे सहा वाजून गेले होते आणि त्या एकट्याच बसल्या होत्या. समोर लाल सुतळीने बांधलेला गठ्ठा होता. त्यांनी सुतळी सोडली, अंगठ्याला ओला स्पंज लावला आणि एकेक पान उलटत मला दाखवू लागल्या. ती महाविद्यालयांकडून आलेली प्रात्यक्षिकांच्या आणि अंतर्गत गुणांची पत्रके होती. एका पानावर आसन क्रमांकाच्या जागी हजेरी क्रमांक होता. दुसऱ्यावर पन्नासपैकी द्यायचे गुण पंचवीसपैकी दिले होते. तिसऱ्यावर प्राचार्यांचा शिक्का होता आणि गुणांचा रकाना कोरा. अशी पत्रके बाई वेगळी काढीत, महाविद्यालयाला फोन करीत, दुरुस्त पत्रकाची वाट पाहत, आणि तोवर त्या मुलांचे निकाल 'राखीव' पडत. एका विषयाचे गुण नाहीत म्हणून सहा विषय पास झालेल्या मुलाची गुणपत्रिका अडून राहते, आणि बाहेर ओरड होते ती पेपर न तपासणाऱ्या प्राध्यापकांची.

"दरवर्षी असंच येतं का?" मी विचारले.

"नमुना बदलल्यापासून, सर. आधी आसन क्रमांक आपणच छापून पाठवायचो."

नमुना कुणी बदलला? विद्यापीठानेच. तीन वर्षांपूर्वी छपाईचा खर्च वाचवण्यासाठी कोरा नमुना संकेतस्थळावर ठेवला गेला आणि महाविद्यालयांनी तो उतरवून हाताने भरावा असे ठरले. परिपत्रक निघाले, ते भरायचे कसे हे कुणी कुणाला दाखवले नाही. मी त्या बाईंच्या टेबलापाशी उभा असताना मला उद्यमनगरातले ते पोर आणि त्याची बादली स्पष्ट दिसली. आम्ही आसन क्रमांक आणि कमाल गुण आधीच भरलेले पत्रक पुन्हा पाठवू लागलो आणि परीक्षा सुरू होण्यापूर्वी प्रत्येक महाविद्यालयातल्या एका माणसाला बोलावून ते भरून घेतले. त्याच्या पुढच्या सत्रात बहुतेक अभ्यासक्रमांचे निकाल पंचेचाळीस दिवसांच्या आत लागले. वर्तमानपत्रांनी याचे श्रेय मला आणि नव्या संगणक प्रणालीला दिले. त्या बाई पुढच्या वर्षी सेवानिवृत्त झाल्या. निरोपसमारंभाला मी थांबलो होतो. त्यांनी मला तो ओला स्पंज डबीसकट भेट दिला.

हे सांगितल्यावर दुसरी गोष्ट सांगणे भाग आहे. एका भाषेच्या पदव्युत्तर विभागात दोनच पूर्णवेळ शिक्षक उरले होते आणि त्या वर्षी प्रवेश झाले होते सहा. बाकीची पदे रिक्त, शिकवणे तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांच्या जिवावर. मी आकडे मांडले, तक्ता केला आणि तो विभाग दुसऱ्या विभागात विलीन करण्याचा प्रस्ताव विद्या परिषदेपुढे ठेवला. विभागप्रमुख उठून म्हणाले, "कुलगुरू महोदय, यंत्र बंद पडलंय की कुणी वीज तोडलीय, एवढं तरी बघा." मी ते भावनेच्या भरातले बोलणे समजलो. अभियंता कुलगुरू झाला की मानव्यविद्यांच्या लोकांना तो मोजपट्टी घेऊनच आलेला वाटतो, अशी माझी समजूत होती, आणि खेदाची बाब अशी की त्या दिवशी मी खरोखरच मोजपट्टी घेऊन आलो होतो. प्रस्ताव मंजूर झाला. विद्यार्थ्यांनी धरणे धरले, प्रकरण न्यायालयात जाण्याच्या बेतात आले.

वर्षभराने, दुसऱ्याच कामासाठी प्रवेशाची जुनी वेळापत्रके पाहताना मला दिसले, की आमच्या प्रवेश कक्षाने दोन वर्षांपूर्वी त्या विभागाची गुणवत्ता यादी उशिरा लावायला सुरुवात केली होती. ती लागेपर्यंत आसपासच्या महाविद्यालयांतले प्रवेश आटोपलेले असत. मुले आधीच दुसरीकडे पैसे भरून बसलेली. म्हणजे पाणी आमच्याच हातून जास्त पडले होते आणि मी वाळू बदलून टाकली होती. फाउंड्रीत दोष शोधायला कास्टिंग कापून पाहता येते, कारण ती पुन्हा भट्टीत टाकून वितळवता येते. विभाग कापल्यावर तसे काही करता येत नाही. मी प्रस्ताव मागे घेतला, वेळापत्रक दुरुस्त केले, पण ते विभागप्रमुख तोवर निवृत्त होऊन गावी गेले होते. मी त्यांना दोनदा फोन केला. त्यांनी उचलला नाही आणि तो त्यांचा हक्क होता असे मी मानतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये रविवारी घरी म्हणून कोल्हापूरला आलो आणि अडकलो. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर चढले, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला आणि शहराचा संपर्क तुटला. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याच्या बातम्या येत होत्या. शाहू महाराजांनी हाती घेतलेल्या त्या धरणाचे हे दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात आणि पाणी उतरले की आपोआप मिटतात; कुणाची टिपणी लागत नाही की कुणाची सही. शाहूपुरीतल्या माझ्या थोरल्या भावाच्या घरात पाणी शिरले, वहिनींना आणि दोन्ही नातवंडांना आमच्याकडे आणले, आणि त्या गडबडीत मी जवळपास आठवडाभर विद्यापीठ फोनवरून चालवले. खरे तर मी चालवले नाही. प्र-कुलगुरूंकडे अधिकार सोपवले होते आणि परतल्यावर पाहिले, तर माझ्या टेबलावरच्या नस्त्या सोडून बाकी सगळे काम वेळेवर पुढे गेले होते.

शेवटची दोन वर्षे करोनाने खाल्ली. अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्यायच्या की नाहीत यावर तो सगळा उन्हाळा आणि पावसाळा वाद चालला. २८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही असा निर्णय दिला आणि आम्हाला जेमतेम महिनाभरात बहुपर्यायी प्रश्नांची ऑनलाइन परीक्षा उभी करावी लागली. पहिल्याच दिवशी प्रणाली तासभर बंद पडली. मी दालन सोडून मदत कक्षात जाऊन बसलो आणि दिवसभर फोन घेतले. एका मुलीने सांगितले, की घरात फोन एकच आहे आणि तो घेऊन भाऊ शेतावर गेला आहे. तिला मी कुलगुरू बोलतोय हे सांगितले नाही. तिचे नाव फेरपरीक्षेच्या यादीत घातले, आणि संध्याकाळपर्यंत त्या यादीत इतकी नावे झाली की फेरपरीक्षा दोनदा घ्यावी लागली.

२०२२ मध्ये मुदत संपली. पदभार सोपवताना एका छापील यादीवर सह्या होतात: दालनाच्या किल्ल्या, निवासस्थानातले सामान, मोटारीची नोंदवही, शिक्के. पाच मिनिटांत उरकले. महालक्ष्मीने कोल्हापूरला आलो आणि आता शिरोलीतल्या फाउंड्र्यांमध्ये नव्या मुलांना आठवड्यातून एकदा शिकवायला जातो.

गेल्या महिन्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. ती आता इलेक्ट्रॉनिक्सची प्राध्यापक आहे आणि एका विद्यापीठाच्या कुलगुरूपदासाठी अर्ज करते आहे. तिने 'भाग १' आणि 'भाग २' टेबलावर ठेवले. मान्यतेचे पत्र मी आधी पाहिले. तारखा बरोबर होत्या. मग टिपण उघडले. पहिले वाक्य आंतरराष्ट्रीय दर्जाचेच होते.

"तिथले निकाल किती दिवसांत लागतात?" मी विचारले.

ती थांबली. "ते बघितलं नाही सर."

"मुदत कधी आहे अर्जाची?"

"अजून अकरा दिवस आहेत."

"मग उद्या सकाळी तिथं जाऊन परीक्षा विभागात बस. साहेब लोकांकडं जाऊ नकोस, सुतळीचे गठ्ठे कुणाच्या टेबलावर आहेत ते बघ," मी म्हणालो, आणि सौ.ला चहा टाकायला सांगून आम्ही दोघे 'भाग २' चाळायला बसलो.